ओटीपी कुणाला सांगू नका. पण वाचून कोण दाखवणार?

बँकेचा असो, आधारचा असो की रुग्णालयातील नोंदणीचा, मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीबरोबर एक ताकीद ठरलेली असते: हा क्रमांक कोणालाही सांगू नका. ताकीद रास्तच आहे. पण ज्याला पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत, ज्याचे बोट थरथरते किंवा ज्याला ती इंग्रजी ओळ उलगडतच नाही, त्याने ती पाळायची कशी? तो फोन शेजाऱ्याच्या, रेशन दुकानदाराच्या नाही तर सेवा केंद्रातील मुलाच्या हातात देतो. क्रमांक वाचला जातो, काम होते. आणि त्याबरोबर खात्यातील शिल्लक, आजाराचे नाव, औषधांची यादी हे सारे दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. सरकारी सेवा मोबाइलवर आल्या तेव्हा दिव्यांगांचे हेलपाटे वाचतील, असे सांगण्यात आले. अनेकांचे वाचलेही. मात्र ॲप तयार करताना ज्यांचा विचारच झाला नाही, त्यांना आता हेलपाट्याबरोबर एक सोबतीही शोधावा लागतो.

जिथे फोनची गरज सर्वांत जास्त

ठाणे जिल्हा म्हटले की उंच इमारती आणि लोकलची गर्दी आठवते. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाण्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका आहे तो शहापूर. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे इथलीच. शेजारच्या मुरबाडला तर रेल्वेच नाही. डोळखांब, किन्हवली, कसाऱ्याच्या अलीकडचे-पलीकडचे पाडे, माळशेजच्या वाटेवरचे टोकावडे, आतल्या बाजूचे धसई अशा गावांतून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे म्हणजे एसटी किंवा वडापची जीप हाच आधार. पावसाळ्यात एक गाडी चुकली की दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. पायात अधूपण असलेल्याला एसटीची पहिली पायरीच कंबरेएवढी वाटते. दृष्टिहीन माणसाबरोबर घरातले आणखी एक माणूस जाते, म्हणजे दोघांची रोजंदारी जाते.

त्यामुळे घरबसल्या काम करून देणाऱ्या ॲपचा सर्वाधिक फायदा व्हायचा असेल, तर तो याच लोकांना. कामेही आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ज्याच्याकडे आहे, त्याला या योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात भिंतीवरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपून बाह्यरुग्ण विभागाचे टोकन मिळते. केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि ‘यूडीआयडी’ ओळखपत्रासाठी अर्ज संकेतस्थळावर करायचा असतो. शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा द्यायचा किंवा ‘मेरा ई-केवायसी’ ॲपसमोर चेहरा धरायचा. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान बँक खात्यात जमा होते आणि ते आले की नाही, हे फोनवरच्या संदेशातून कळते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांपैकी २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या. ती मोजणी ८ प्रकारांत झाली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मानले. मधुमेहाने नजर गेलेले, पक्षाघाताने एक हात गमावलेले, पार्किन्सनने हात थरथरणारे आणि वयामुळे सगळेच थोडे थोडे कमी झालेले लोक धरले, तर ॲपसमोर अडणाऱ्यांची संख्या प्रमाणपत्रांच्या संख्येपेक्षा बरीच मोठी होते.

सही शिकल्या, आणि पुन्हा अंगठा

या दोन तालुक्यांत नव्या गोष्टी शिकण्याची तयारी नाही, असे कोणी म्हणू नये. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीच्या त्या दिवसांत किराणा दुकानदारापासून वडापाववाल्यापर्यंत स्वाइप यंत्रे आली. त्या यंत्रांची एक बाजू तेव्हा कोणाच्या फारशी लक्षात आली नसेल. त्यांना खरी बटणे होती आणि अशा यंत्रांवर ५ या आकड्याच्या बटणावर एक उंचवटा असतो. त्या उंचवट्यावर बोट ठेवून दृष्टिहीन माणूस बाकीचे आकडे ओळखतो आणि स्वतःचा पिन स्वतः दाबतो. पुढे व्यवहार क्यूआर कोड आणि मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर गेला. काचेवर उंचवटा नसतो. तिथे बोटाला वाट दाखवायची, तर ती फक्त आवाजाने दाखवता येते, आणि तो आवाज ॲप बनवणाऱ्याने सोय ठेवली असेल तरच नीट बोलतो.

याच तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठी, सत्तरी, ऐंशी पार केलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून बाराखडी गिरवायला बसल्या. जन्मभर कागदावर अंगठा उठवलेल्या या बायकांना स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहायचे होते. ते त्यांनी साधले. नेमक्या त्याच काळात सरकारी यंत्रणा कागदावरून यंत्रावर गेली आणि यंत्राने पुन्हा अंगठाच मागितला.

तोही उठेनासा झाला आहे. वय वाढते तशी त्वचेची लवचिकता कमी होते, बोटांवरच्या रेषा सपाट होतात. भाताची लावणी, वीटभट्टी, लाकूडफाटा, भांडी घासणे या कामांत त्या झिजतात. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेवर यंत्राला त्यांचा ठसा मिळत नाही. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होऊन बोटे आखडतात, कधी झडतात. मग पर्याय म्हणून चेहऱ्याची पडताळणी आली. तिथे माणूस जिवंत आहे, समोर छायाचित्र धरलेले नाही, हे तपासण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. कुष्ठरोगातच चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाली, तर पापणी पूर्ण मिटत नाही. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्याचीही तीच गत. दृष्टिहीन माणसाला पापणी मिटता येते, पण पडद्यावरच्या गोलात चेहरा आला की नाही, हे त्याला कोण सांगणार? एका पर्यायात अडलेला माणूस दुसऱ्यातही अडू शकतो. म्हणून पर्याय दोन असले तरी ते एकाच आजारामुळे बंद पडणारे नसावेत, हे शरीरशास्त्र सांगते.

काचेसमोर शरीराचे काय होते?

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अंधुक दिसते. मोतीबिंदूत प्रकाश विखुरतो, त्यामुळे फिकट करड्या रंगातील अक्षरे पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळून जातात. काचबिंदूत दृष्टीचा परीघ आक्रसतो. पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेली सूचना दिसतच नाही. लाल-हिरव्या रंगांतील फरक न कळणाऱ्या पुरुषाला ‘लाल चौकट भरा’ ही सूचना निरुपयोगी असते. यावर उपाय आहेत आणि तेही मोजून मापून ठरवलेले आहेत. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार साधी अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. हा आकडा हवेतून आलेला नाही. साधारण ६/१२ इतक्या कमी झालेल्या दृष्टीला अक्षर वेगळे दिसावे, या हिशेबाने तो ठरला. ऐंशीच्या घरातील माणसांची दृष्टी सर्वसाधारणपणे तेवढी असते.

मधुमेह दोन बाजूंनी घेरतो. डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडून नजर जाते आणि मज्जातंतू बधिर होऊन बोटांची संवेदनाही कमी होऊ शकते. अशा रुग्णाला उतारवयात ब्रेल शिकणे अवघड जाते, कारण ठिपके बोटाला नीट लागत नाहीत. त्याच्यासाठी बोलणारा फोन हाच मुख्य मार्ग उरतो. पार्किन्सनच्या रुग्णाचे बोट एकदा टेकवताना दोनदा लागते, शेजारचे बटण दाबले जाते. अँड्रॉइड फोनसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पर्शाची जागा पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर रुंद व तेवढीच उंच असावी, असे म्हटले आहे. तारीख निवडण्याच्या चिमुकल्या चौकटी पाहिल्या की ही सूचना किती पाळली जाते, ते लगेच कळते.

कर्णबधिरांची अडचण वेगळी. त्यांना पडदा दिसतो, म्हणून ‘त्यांना काय अडचण’ असे गृहीत धरले जाते. पण पडताळणीचा क्रमांक आवाजी कॉलवरच येत असेल, मदतीसाठी फक्त हेल्पलाइन असेल, माहितीच्या व्हिडिओला खाली अक्षरे नसतील, तर ते बाहेरच राहतात. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. लेखी मराठी ही त्यांच्यासाठी नंतर शिकलेली भाषा. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ ऐवजी ‘अंगठा जुळला नाही, पुन्हा लावा’ असे लिहिले, तर ते त्यांनाही कळेल, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलालाही आणि फांगण्याच्या आजींनाही.

फोन बोलतो, पण काय बोलतो?

अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय मुळातच असते. ती सुरू केली की पडद्यावर बोट जिथे टेकेल तिथे काय लिहिले आहे, ते फोन वाचून दाखवतो. दोनदा टकटक केले की ते बटण दाबले जाते. आयफोनमध्ये हेच काम ‘व्हॉइसओव्हर’ करते. दोन्ही सोयी २००९ पासून फोनमध्ये आल्या. या विषयात एक मराठी मुलखाचा दुवाही आहे. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रमण यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिती सूत्रे कानांनी कशी ‘वाचावीत’ यावर त्यांनी १९९४ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे गूगलमध्ये त्यांनी डोळ्यांविना फोन वापरण्याच्या तंत्रावर काम केले.

म्हणजे वाचणारा आवाज फोनमध्ये आहे, तो फुकट आहे आणि मराठीही बोलतो. तरी काम अडते, कारण हा आवाज पडद्याचे चित्र पाहत नाही. ॲप बनवणाऱ्याने प्रत्येक घटकाला आतून जे नाव दिले असेल, ते तो वाचतो. बटणावर घराचे सुंदर चित्र आहे, पण आत नाव लिहिलेले नाही, तर ऐकू येते फक्त ‘नाव नसलेले बटण’. अशी सहा बटणे ओळीने असली की वापरणाऱ्याने कोणते दाबायचे? कॅप्चामधील वेडीवाकडी अक्षरे मुद्दाम यंत्राला वाचता येऊ नयेत अशी काढलेली असतात. म्हणून टॉकबॅकलाही ती वाचता येत नाहीत. सोबत ऐकण्याचा पर्याय नसेल तर दार तिथेच बंद होते. तीस सेकंदांत ओटीपी भरा, असे बंधन असेल तर ऐकून, लक्षात ठेवून, परत जाऊन भरेपर्यंत वेळ संपते.

मराठीत आणखी दोन अडथळे आहेत. शासन निर्णय, शिबिरांच्या तारखा, लाभार्थ्यांच्या याद्या अनेकदा कागद स्कॅन करून चित्ररूपात टाकल्या जातात. वाचणाऱ्या आवाजाच्या दृष्टीने ते कोरे पान असते. दुसरा अडथळा जुन्या टंकांचा. युनिकोडपूर्वीच्या काळातील टंकांत टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. तो मजकूर मोठ्याने वाचला की निव्वळ गडबडगुंडा ऐकू येतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून तसाच टाकला, तर दोन्ही अडथळे एकदम दूर होतात आणि त्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही.

खासगीपणाही आरोग्याचाच भाग

‘घरात कोणीतरी असतेच की मदतीला,’ हे उत्तर अशा वेळी हमखास ऐकू येते. माणसे मदत करतात, हे खरेच आहे. पण कोणती माहिती कोणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा असतो. समजा, डोळखांबजवळच्या पाड्यावरील एका दृष्टिहीन तरुणीचा तपासणी अहवाल मोबाइलवर छायाचित्राच्या रूपात आला. तो गरोदरपणाच्या चाचणीचा असेल, गुप्तरोगाचा असेल, मानसिक आजाराच्या औषधांचा असेल. तो आधी भावाला किंवा सासूला कळेल आणि मग तिला. अहवाल वाचता येण्याजोग्या मजकुराच्या रूपात आला असता, तर कानाला हेडफोन लावून तिने तो एकटीने ऐकला असता. माहिती दोन्ही वेळा तीच. पण पहिल्या वेळी तिच्या शरीराची बातमी तिच्या हातात राहत नाही. अशी वेळ टाळण्यासाठी काही रुग्ण तपासणीच टाळतात, आणि मग प्रश्न केवळ सोयीचा उरत नाही.

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील गुप्तता वैद्यकाइतकीच जुनी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती मानसिक आजाराच्या रुग्णाला हक्क म्हणून दिली. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीविना माहिती उघड करण्यास मनाई केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तपासणीच्या खोलीत पडदा लावून जपलेली गुप्तता ॲपच्या पडद्यावर हरवत असेल, तर त्या खोलीतील काळजीला फारसा अर्थ राहत नाही.

पैशांचेही तसेच. अनुदान जमा झाल्याचा संदेश दुसऱ्याने वाचायचा, पिन दुसऱ्याने टाकायचा, अशी सवय लागली की फसवणूक होण्याची शक्यता वाढते. आणि फसवणूक झालीच तर ‘ओटीपी तुम्हीच दिलात ना’ असा प्रश्न पीडितालाच विचारला जातो.

कायद्याने काय ठरले आहे?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता येईल असे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. भारतीय मानक ब्युरोने ‘आयएस १७८०२’ हे सुगम्यतेचे मानक दोन भागांत, २०२१ आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. सरकारी संकेतस्थळे आणि ॲप यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही आहेत.

तरीही प्रत्यक्षात काय घडते, हे करोनाच्या काळात दिसले. लस हवी तर ‘कोविन’वर नोंदणी करायची होती. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने त्या संकेतस्थळाच्या सुगम्यतेतील उणिवा एकामागून एक नोंदवल्या: ऐकता येईल असा कॅप्चा नाही, वय किंवा लशीचे नाव निवडण्याच्या जागा दृष्टिहीनांना वापरता येत नाहीत, कळफलकाने पुढे सरकण्याची पुरेशी सोय नाही, वेळ ठरवेपर्यंत सत्र आपोआप बंद पडू नये एवढी मुदत हवी. देशभर वापरायच्या व्यवस्थेत, ऐन साथीत या त्रुटी होत्या.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, त्यांतील किमान निकष बंधनकारकच असले पाहिजेत, असे सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना डोळ्यांची उघडझाप करता येत नसल्याने बँक खाते उघडण्याची डिजिटल केवायसी पूर्ण करता आली नव्हती. त्यांच्यासोबत दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका होती. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले. डोळ्यांच्या उघडझापेखेरीज अन्य मार्ग ठेवा, संकेतस्थळे आणि ॲप यांची तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने तपासणी करून घ्या, ॲप बनवताना चाचणीच्या टप्प्यावर दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करा, कागदावरची केवायसी चालू ठेवा, हे त्यांतील काही.

रुग्णालयात आणि कार्यालयात काय करता येईल?

यातली बरीचशी कामे तालुक्याच्या पातळीवर, आजच्या आज करता येण्याजोगी आहेत. क्यूआर कोडभोवती बोटाला लागेल अशी उंच कडा चिकटवली आणि तो खिडकीशेजारी ठरलेल्या उंचीवर लावला, तर कॅमेरा कुठे धरायचा हे दृष्टिहीन व्यक्तीला आणि व्हीलचेअरवरील व्यक्तीलाही समजते. टोकन क्रमांक फलकावर दिसावा आणि पुकारलाही जावा. एक सोय कर्णबधिरासाठी, दुसरी दृष्टिहीनासाठी. शिबिराची सूचना पाठवताना कागदाचे छायाचित्र न पाठवता तोच मजकूर टाइप करून पाठवावा. आणि एक खिडकी अशी हवी, जिथे फोन नसलेल्याचा, अंगठा न उमटणाऱ्याचा केसपेपर कोणतेही स्पष्टीकरण न मागता निघेल.

ॲप स्वीकारण्यापूर्वी अधिकाऱ्यांना एक सोपी परीक्षा घेता येते. फोनवर टॉकबॅक सुरू करायचा, पडद्यावर रुमाल टाकायचा आणि फक्त कानांच्या आधाराने नोंदणी पूर्ण करून दाखवायची. जिथे अडेल ते लिहून ठेवायचे. त्यानंतर हीच परीक्षा तालुक्यातील दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हातात दोष असलेल्या दोघा-चौघांकडून, त्यांना त्या वेळेचा मोबदला देऊन करून घ्यायची. तज्ज्ञांच्या अहवालात न सापडणारे अडथळे ते काही मिनिटांत दाखवून देतात.

घरी काय करता येईल?

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ हा भाग असतो. अल्पदृष्टी असलेल्यांनी तिथे अक्षरांचा आकार वाढवावा, ‘मॅग्निफिकेशन’ सुरू करावे. दृष्टिहीनांसाठी टॉकबॅक सुरू करताना घरातील कोणीतरी सोबत असावे, कारण ते सुरू होताच स्पर्शाची पद्धत बदलते: एका स्पर्शाने वाचले जाते, दोनदा टकटक केल्यावर उघडते, पान सरकवायला दोन बोटे लागतात. सरावाला काही दिवस जातात; पहिल्याच दिवशी कंटाळून बंद करू नये. आवाज मराठी निवडावा. बाहेर असताना हेडफोन लावावा, म्हणजे ओटीपी इतरांना ऐकू जाणार नाही. हात थरथरत असेल, तर किती वेळ दाबल्यावर स्पर्श धरायचा, तो अवधी बदलता येतो. ऐकू कमी येत असेल, तर समोरच्याचे बोलणे अक्षरांत उतरवणारे ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडते. मात्र औषधाचे नाव आणि मात्रा त्यावर विसंबून न राहता लिहूनच घ्यावी.

एखादे सरकारी ॲप वापरता आले नाही, तर ‘मला जमत नाही’ असे म्हणून गप्प बसू नये. कोणत्या पानावर, कोणत्या बटणापाशी अडले, हे तारखेसह लिहून संबंधित कार्यालयाकडे आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते; बोलणारा फोन वापरण्याच्या प्रशिक्षणाची मागणी ग्रामसभेत मांडायला काहीच हरकत नाही.

रुग्णालयाला उतार बांधायचा तर तो शहापूरला वेगळा, मुरबाडला वेगळा आणि प्रत्येक आरोग्य केंद्राला वेगळा बांधावा लागतो. दरवेळी निविदा, सिमेंट, गवंडी आणि पावसाळ्याची वाट. ॲपचे तसे नसते. नाव नसलेल्या बटणाला ‘नोंदणी करा’ असे नाव एकदा एका ठिकाणी दिले की पुढच्या अपडेटबरोबर ते डोळखांबलाही पोहोचते, टोकावड्यालाही आणि राज्यातील प्रत्येक तालुक्यात. इतक्या स्वस्तात इतक्या दूरवर जाणारी दुरुस्ती आरोग्यव्यवस्थेत क्वचितच करायला मिळते. ती पुढच्या ॲपच्या निविदेतच लिहिलेली असावी, एवढी काळजी घेतली तरी पुरे.